जुन्या फ्रिजला बिअरचा नळ: भोक सोपं, फेस अवघड

प्रश्न थोडक्यात असा: "मिशिगनमध्ये राहतो. शेजाऱ्यानं घर सोडताना वर फ्रीझर असलेला १८ घनफुटी फ्रिज फुकट दिला. तो गॅरेजमध्ये ठेवून बिअरचा नळ बसवायचाय. मित्र म्हणतो, बाजूच्या पत्र्यातून भोक पाड, म्हणजे दार उघडताना नळ हलणार नाही. त्यानं स्वतः असा फ्रिज केलाय, पण त्याच्याकडे अर्धा ग्लास फेसच येतो. दाब उतरवत उतरवत तो ५ पीएसआयवर (चौरस इंचाला ५ पौंडांवर) आलाय, तरी फेस आहेच. भोक कुठे पाडू, काय काय घेऊ, आणि फेसाचं काय करू?"

फेसाचं आधी सांगतो. भोक पाडायला अर्धा तास लागतो, फेसाच्या मागे लोक वर्षभर लागतात.

तुमच्या मित्रानं दाब उतरवला तिथेच घोळ झाला. वाटतं असं की दाब जास्त म्हणून फेस, तर दाब कमी करू. पण बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड ब्रुअरीनंच विरघळवून दिलेला असतो. नेहमीच्या लागर किंवा पेल एलमध्ये एक लिटर बिअरला साधारण अडीच लिटर वायू असतो. तो वायू बिअरमध्ये टिकून राहायचा तर ३८ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ३.३ सेल्सिअसला, वरून ११-१२ पीएसआय दाब लागतो. बिअर ४४ अंशांवर गेली की तोच वायू धरून ठेवायला साडेचौदाच्या आसपास लागतो. ढोबळ हिशेब असा की दोन अंश वाढले की एक पीएसआय वाढवा. आता मित्राचा फ्रिज समजा ४४वर आहे आणि दाब ५ आहे. वायू बिअरमधून सुटून नळीत येणार, नळीत बुडबुडे धरणार आणि नळातून फेसच बाहेर पडणार. आठवड्याभरात बिअर इतकी मरते की फेस आपोआप बंद होतो, आणि माणूस खूश होतो की जमलं! मग चव घेतल्यावर कळतं की हे कालच्या उघड्या ग्लासातलं पाणी आहे.

तेव्हा मित्राला सांगा, दाब परत १२ला न्या आणि आधी थर्मामीटर आणा. फ्रिजच्या दारावरचा आकडा नाही, आतल्या काट्याचा आकडाही नाही. दुसरा ग्लास भरा आणि त्या बिअरमध्ये थर्मामीटर बुडवा. पहिला ग्लास मोजू नका, त्यात रात्रभर नळीत आणि नळात बसून गरम झालेली बिअर असते. ३८ ते ४० दिसलं तर दाबाचं आणि नळीच्या लांबीचं बघू. ४३-४४ दिसलं तर आधी फ्रिज गार करा, तोवर दुसऱ्या कशाला हात लावू नका.

आता तुमचं भोक. बाजूच्या पत्र्यातून पाडू नका. हे मी अनुभवानं सांगतोय, आणि अनुभव लाजिरवाणा आहे. सांगलीत डिप्लोमा करून फ्रिज-एसीच्या कामात शिरलो, इथे अमेरिकेत येऊन बावीस वर्षं तेच करतोय. तरी पहिला असा फ्रिज एका मित्रासाठी करताना मी बाजूचा पत्रा आरपार कापायला घेतला. मला वाटलं जुना फ्रिज आहे, याचा कंडेन्सर, म्हणजे फ्रिजची उष्णता बाहेर टाकणारी नळी, मागे जाळीला असणार. मागे जाळी नव्हती, हे बघायचंच राहिलं. होल-सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, पत्र्यातून आत गेला आणि सायकलची ट्यूब पंक्चर व्हावी तसा आवाज आला. तो आवाज पाच-सहा सेकंद चालला. मित्र विचारतो, "हा आवाज कसला?" मी म्हटलं, "फ्रिज मेला त्याचा."

बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये कंडेन्सरची गरम नळी बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. फ्रिज चालू असताना बाजूला हात लावला की कोमट लागतं ते तिच्यामुळे. शिवाय एक गरम नळी दाराच्या चौकटीतून, म्हणजे जिथे दाराचं रबर टेकतं तिथून, फिरवलेली असते. तिथे दव धरू नये म्हणून ती असते. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून चौकटीच्या आसपासही ड्रिल नको. आत कोणता वायू आहे तेही बघा. कॉम्प्रेसरवर किंवा फ्रिजच्या आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं. आर-१३४ए असेल तर तो मुद्दाम हवेत सोडणं इथे बेकायदा आहे. आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन आहे, आपल्या लायटरमधल्या वायूचा भाऊ. पिवळं ज्वाळेचं स्टिकर असलेल्या फ्रिजच्या पत्र्यात ठिणग्या उडवत ड्रिल घालणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

दारात मात्र यातली कुठलीच नळी नसते. दारात पत्रा, फोम आणि आतलं प्लॅस्टिक, एवढंच. दारात पाण्या-बर्फाची सोय किंवा डिस्प्ले असेल तर तारा असतात, पण तुमच्या साध्या फ्रिजला ते नसावं. मित्राचं म्हणणं की दार उघडताना नळ हलतो, तर हलू दे. आतली नळी सैल वेटोळं करून ठेवली की काही बिघडत नाही. वरच्या फ्रीझरच्या दारातून नळ काढायची कल्पनाही काही जणांना सुचते, कारण उंची हाताशी येते. ते करू नका, नळीत बर्फ होतो.

बाजूनं किंवा वरूनच काढायचं असा कोणाचा हट्ट असेल, उदाहरणार्थ छोटा फ्रिज असेल आणि वर मनोरा, म्हणजे नळाचा उभा खांब, बसवायचा असेल, तर एक जुनी युक्ती आहे. कॉर्नस्टार्च (मक्याचा पांढरा स्टार्च, साधं मक्याचं पीठ नव्हे) व्होडकात कालवून धिरड्याच्या पिठाइतकं पातळ करायचं, पत्र्यावर हातानं सारवायचं आणि फ्रिज चालू करायचा. जिथे गरम नळी आहे तिथे अल्कोहोल आधी उडतं आणि पांढरी रेघ उमटते. पाच-दहा मिनिटांत अख्खा नकाशा दिसतो. व्होडका स्वस्तातली घ्या. एवढं करूनही मी आधी फक्त पत्रा कापतो आणि आतला फोम बोटानं उकरून बघतो. नळी बोटाला लागली तर वाचते, ड्रिलला लागली तर नाही.

फ्रिज घेण्याआधी, किंवा तुम्हाला फुकट मिळालाच आहे तर कामाला लागण्याआधी, आतून मोजा. पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापून आत ठेवून दार बंद करून बघा. अमेरिकेत मोठं पिंप, ज्याला इथे अर्धा बॅरल म्हणतात, त्यात १५.५ गॅलन म्हणजे ५८.७ लिटर बिअर मावते. ते १६ इंच रुंद आणि साडेतेवीस इंचांच्या जवळपास उंच असतं. भरलेलं असताना वजन १६० पौंड, म्हणजे ७३ किलोच्या आसपास. सहावा बॅरल, म्हणजे एका बॅरलचा सहावा भाग, म्हणून मिळतो तो तेवढाच उंच पण फक्त सव्वानऊ इंच रुंद, त्यात ५.१६ गॅलन. घरी बिअर करणारे वापरतात ते कॉर्नेलियस केग मूळचे सोड्याच्या सिरपचे डबे. पाच गॅलनचे, नऊ इंचांच्या आत रुंद, दोन फुटांहून थोडे उंच.

माझं स्पष्ट मत सांगू का? अर्धा बॅरल घेऊ नका. एकशे चोवीस पिंट बिअर संपवायला घरात माणसं किती? इथल्या ब्रुअरीची पिंपातली बिअर बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली नसते, थंडच ठेवावी लागते आणि महिना-दोन महिन्यांत संपवावी लागते. दोन सहावे बॅरल घेतलेत तर दोन चवी मिळतात, एकट्याला उचलता येतात, आणि कंबर शाबूत राहते. मोठं पिंप फ्रिजच्या काचेच्या फळीवर तर कधीच ठेवू नका. भाजीचा ट्रे आणि फळ्या काढून टाका. तळ एका पातळीत नसतो, मागे कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो. पाऊण इंची प्लायवुडचा पाट करा, त्याला दोन हात रंग द्या आणि त्यावर पिंपं ठेवा.

दाराच्या आतला बाटल्या ठेवायचा भाग बहुतेक वेळा आड येतो. काही फ्रिजमध्ये ते प्लॅस्टिक रबराखालच्या स्क्रूंनी बसवलेलं असतं. रबर उलटं करून बघा, स्क्रू दिसले तर नशीब. मग ते प्लॅस्टिक काढून त्याच मापाचा सपाट पत्रा बसवता येतो. स्क्रू नसतील तर ते फोमला चिकटलेलं असतं. अशा वेळी नुसते पुढे आलेले कप्पे कापायचे आणि कापलेल्या जागी प्लॅस्टिकची पट्टी सिलिकॉननं चिकटवायची. नंतर रबर नीट बसतंय का हे बघायला एक डॉलरची नोट दारात अडकवून ओढा. अडून अडून आली तर ठीक, सुळकन आली तर त्या जागी हवा जातेय.

भोक पाडायची उंची ठरवताना लोक ग्लासाचा विचार करतात आणि आतल्या बाजूचा विसरतात. पिंपाच्या वर कपलर, म्हणजे वायू आत आणि बिअर बाहेर नेणारा जोड, बसतो, त्याची उंची आणखी पाच-सहा इंच. दारातून आत येणारं शँकचं (दारातून आरपार जाणाऱ्या, नळ बसवायच्या धातूच्या नळकांड्याचं) टोक आणि नळी त्याला आदळता कामा नये. आतल्या पाटापासून ३० इंचांच्या वर खूण करा आणि दार हळूहळू बंद करून टॉर्चनं बघा. मग आठ मिलिमीटरचं नाही, आधी तीन मिलिमीटरचं बारीक भोक आरपार. ते दोन्हीकडे बरोबर जागी निघालं की बाहेरून खाली सांगितलेला पाइपचा तुकडा जाईल एवढ्या मापाच्या बायमेटल होल-सॉनं पत्रा कापा. फोम आला की थांबा. उरलेलं आतल्या बाजूनं कापा, ड्रिलचा वेग अगदी कमी ठेवून. बाहेरूनच जोर लावून आरपार गेलात तर आतलं प्लॅस्टिक चिरतं, आणि ती चीर पुढे रबरापर्यंत जाते. भोकात पीव्हीसी पाइपचा दाराच्या जाडीएवढा तुकडा घाला आणि त्यातून शँक घाला. हा तुकडा घालायचा कंटाळा करू नका. तो नसला तर नट आवळताना फोम चेपतो, पत्रा खड्डा खातो आणि सहा महिन्यांनी नळ डुलायला लागतो.

खरेदीत हात कुठे सैल सोडायचा आणि कुठे आखडायचा ते सांगतो. शँक आणि नळ स्टेनलेस स्टीलचेच घ्या. पितळेवर क्रोमचा मुलामा असलेले स्वस्त असतात, पण मुलामा गेला की बिअरला धातूची चव येते. नळ पुढून बंद होणारा घ्या. साध्या नळात झडप मागे असते, पुढच्या भागात ओली बिअर सुकून चिकट होते, आणि आठवड्यानं दांडा ओढला तर हलत नाही. जोर लावला की दांडाच हातात येतो. पुढून बंद होणाऱ्यात बिअर हवेला लागतच नाही. शँक सव्वाचार इंचांच्या आतबाहेर लांबीचं दाराला पुरतं. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरचा दाब उतरवून पिंपाला देणारा, दोन काट्यांचा घ्या. वापरलेला घेतलात तरी चालेल, आतला पडदा बदलता येतो. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर ५ पौंडांचं पुरे. कपलर पिंपाप्रमाणे लागतो: इथल्या जवळपास सगळ्या बिअरना डी प्रकारचा, युरोपातल्या बऱ्याच बिअरना एस, गिनेसला यू. आधी कुठली बिअर आणणार ते ठरवा, मग कपलर. सगळं नवं घेतलं तर एका नळाच्या सामानाला साधारण अडीचशे ते तीनशे डॉलर धरून चाला. फुकटचा फ्रिज फुकट पडत नाही तो असा.

नळी. तीन-सोळांश इंच आतल्या व्यासाची, बिअरसाठी म्हणून विकली जाते ती. हार्डवेअरच्या दुकानातली पाण्याची नळी नको, बिअरला रबराचा वास लागतो. तक्ते सांगतात की ही नळी फुटामागे दोन ते तीन पीएसआय दाब खाते, म्हणून १२ पीएसआयला पाच फूट पुरेत. घरच्या फ्रिजवर पाच फुटांत मी एकदाही नीट बिअर पाहिली नाही. तक्ते बारमधल्या भराभर ओतण्याच्या वेगाचे आहेत. तुम्ही दहा फूट घ्या. ओतणं फारच रेंगाळत असेल तर अर्धा-अर्धा फूट कापत या. कापलेली नळी परत जोडता येत नाही, म्हणून लांबकडून सुरुवात. वेटोळं करून ते पिंपाच्या डोक्यावर आडवं ठेवा, दारावर लटकवू नका. नळी शँकच्या टोकावर चढत नसेल तर टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, लोण्यासारखी चढते.

डेन्व्हरसारख्या उंच गावात कोणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी: समुद्रसपाटीपासून दर दोन हजार फुटांना काट्यावर एक पीएसआय जास्त लावा. मिशिगनमध्ये याचा विचार करायची गरज नाही.

वायूची बाजू सगळ्यात गंभीर, पण लोक तिच्याकडे सगळ्यात कमी बघतात. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. खोलीच्या तापमानाला रेग्युलेटरचा मोठा काटा ८५० पीएसआयच्या आसपास दाखवतो. सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवलंत की दुसऱ्या दिवशी तो साडेपाचशेच्या आसपास येतो आणि माणूस घाबरून मला फोन करतो, "अहो, गळतंय!" गळत नाही. थंडीनं दाब उतरलाय. त्या काट्यावरून किती शिल्लक आहे ते कळतच नाही. शेवटचा द्रव संपेपर्यंत तो तिथेच असतो आणि मग एका संध्याकाळी धाडकन शून्यावर येतो, तेही पाहुणे असताना. शिल्लक कळण्यासाठी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. मानेवर रिकाम्याचं वजन ठोकलेलं असतं, ते वजा करा. अर्धा बॅरल ढकलून बाहेर काढायला जेमतेम अर्धा पौंड वायू लागतो. म्हणजे गळती नसेल तर ५ पौंडांत सहा-आठ मोठी पिंपं आरामात निघतात. दोन पिंपांतच संपलं तर गळती आहे.

गळती शोधायची ती आईनं घरच्या गॅसच्या शेगडीला जशी शोधली तशीच, साबणाच्या पाण्यानं. बशीत भांड्याचा साबण थोड्या पाण्यात फेटा आणि जुन्या टूथब्रशनं प्रत्येक जोडाला लावा. बघत बसा, घाई नको. मोठी गळती लगेच दिसते, पण बारीक गळती कधी कधी मोहरीएवढ्या बुडबुड्यांची असते. ते एकेक करून येतात, मिनिटाला चार-पाच. माझ्या स्वतःच्या फ्रिजला असे बुडबुडे रेग्युलेटर आणि सिलिंडरच्या जोडाला होते. कारण फायबरचं वायसर मी दुसऱ्यांदा वापरलं होतं. ते दर वेळी नवं घालायचं, पाच-दहा सेंटची गोष्ट आहे. त्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे आटे गळती अडवत नाहीत, वायसर अडवतं. टेप लावली की उलट वायसर नीट दबत नाही. पिंपं जोडून झाल्यावर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काटे जिथे होते तिथेच असतील तर झोप निवांत.

आणि हे गॅरेजमध्येच ठेवताय ते बरं करताय. ५ पौंड वायू सगळा सुटला तर सामान्य तापमानाला तो सव्वा घनमीटरच्या आसपास होतो. दहा बाय दहाची, आठ फूट उंच तळघरातली बंद खोली असेल तर तिथल्या हवेत तो साडेपाच टक्क्यांवर जातो. इथल्या सरकारी मापदंडात ४ टक्के म्हणजे जिवाला तात्काळ धोका. हा वायू हवेहून दीडपट जड, म्हणून खाली साठतो. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये तेवढाच वायू दीड टक्क्याच्या आत राहतो, शिवाय दाराखालून हवा येत-जात असते. तळघरात ठेवणाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइडचा अलार्म घ्यावा. कार्बन मोनॉक्साइडचा नाही, तो वेगळा. सिलिंडर कायम उभं आणि साखळीनं किंवा पट्ट्यानं बांधलेलं. आडवं पडलं तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये जातो. दर पाच वर्षांनी त्याची दाबचाचणी करावी लागते, तारीख मानेवर ठोकलेली असते. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे बहुधा सिलिंडर बदलून मिळतं, मग ती तारीख त्यांची डोकेदुखी.

मिशिगनच्या गॅरेजमध्ये खरा प्रश्न जानेवारीत येतो. फ्रिजमध्ये थंड करायचं यंत्र असतं, गरम करायचं नसतं. बाहेर दहा अंश फॅरनहाइट आणि गॅरेजमध्ये वीस असेल तर फ्रिजच्या काट्याला वाटतं सगळं छान थंड आहे. कॉम्प्रेसर चालूच होत नाही, आणि आतली बिअर हळूहळू गॅरेजच्या तापमानाला येते. पाच टक्के अल्कोहोलची बिअर २७-२८ अंशांना गोठायला लागते. आधी बारीक नळी गोठते, मग पिंप. गोठलेलं पिंप फुगतं, आणि बिअर नंतर वितळली तरी पूर्वीची राहत नाही. उपाय सोपा आहे. गरम आणि थंड दोन्ही करणारा छोटा कंट्रोलर मिळतो, त्याच्या गरम बाजूला सरड्या-कासवांच्या पेटीत वापरतात तसली कमी वॅटची तापपट्टी लावायची. ३६वर चालू, ३८ला बंद. ती पट्टी प्लॅस्टिकला टेकू देऊ नका.

कंट्रोलरचं एक कलम अनुभवाचं. तुमच्या जुन्या फ्रिजला फिरवायचा खटका असेल तर बाहेरचा कंट्रोलर खुशाल लावा. तो विजेचा पुरवठा तोडतो आणि जोडतो, एवढंच. पण आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेल तर असं वारंवार वीज तोडणं त्याला मानवत नाही. बर्फ वितळवण्याचं वेळापत्रक विस्कटतं आणि फ्रीझरच्या मागे बर्फाची भिंत होते. मग थंड हवा खालीच येत नाही, आणि माणूस म्हणतो फ्रिजला गॅस कमी पडला! तशा फ्रिजवर त्याचा स्वतःचाच काटा वापरा. कंट्रोलर लावलात तर वर फ्रीझर पुरेसा थंड राहीलच असं नाही, त्यात मटण-मासे ठेवू नका. ग्लास गार करायला ठेवा फार तर. तेही मी करत नाही, गोठलेल्या ग्लासात बिअर ओतली की बर्फाच्या कणांवर पुन्हा फेस. कंट्रोलरची तापमान मोजणारी तार पिंपाच्या अंगाला चिकटवून वर जाड कापड किंवा फोम लावा. ती हवेत लोंबत ठेवली की दार उघडलं रे उघडलं की कॉम्प्रेसर सुरू. बंद-चालूमध्ये किमान तीन मिनिटांचा अवकाश ठेवा.

फ्रिजमध्ये गार हवा खाली बसते आणि नळीचं वरचं टोक गरम राहतं. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा तळाशी वर तोंड करून ठेवलात तर वर-खालचा पाच-सहा अंशांचा फरक दीड-दोनवर येतो. सगळं नीट असूनही दर वेळी पहिलाच ग्लास फेसाळत असेल तर हा पंखा म्हणजे रामबाण. त्याची तार आणण्यासाठी नवं भोक नको, दाराच्या रबराखालून चपटी तार जाते.

फेसाची उरलेली कारणं पटापट. पिंप दुकानातून गाडीत हिंदकळत आणलंत तर अख्खी रात्र स्वस्थ ठेवा. जरा गरम झालं असेल तर मोठ्या पिंपाला थंड व्हायला पूर्ण दिवस लागतो, धातू गार लागला म्हणजे आतली बिअर गार झाली असं नसतं. नळीत पिंपापासूनच बुडबुडे येताना दिसले तर कपलरचं वायसर बघा. नळ अर्धवट उघडू नका, एका झटक्यात पूर्ण उघडा आणि ग्लास ४५ अंशांत धरा. आपल्याकडच्या पाहुण्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. सगळे पाण्याच्या नळासारखा भीत भीत हळू उघडतात आणि मग तुमच्याकडे बघतात. आणि ग्लास जेवणाच्या तेलकट भांड्यांबरोबर धुऊ नका, तेलाचा अंश राहिला की वरचा चांगला फेस मरतो आणि कडेला बुडबुडे चिकटतात.

सफाई. बारवाल्यांना इथे दर १४ दिवसांनी कॉस्टिकनं (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानं) नळी धुवायला सांगतात. घरी निदान प्रत्येक पिंप बदलताना धुवा, आणि पिंप दोन महिने चाललं तर मध्येच एकदा. हातपंपाची बाटली मिळते, ती शँकला लावून कोमट द्रावण उलटं ढकलायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं आणि साध्या पाण्यानं भरपूर धुवायचं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. कॉस्टिक कधीही पिंपात भरून वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब देऊ नका. दोघांची रासायनिक क्रिया होते, वायू शोषला जातो, आत निर्वात होतो आणि पिंप आत चेपतं. नळ वर्षातून दोनदा पूर्ण खोला. पहिल्यांदा खोलाल तेव्हा आत जे दिसेल त्यानंतर सांगायची गरज पडणार नाही.

दोन गोष्टी कायद्याच्या. स्वतः बिअर करणार असाल तर अमेरिकेत १९७८ साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरच्या बिअरवरचा केंद्रीय कर उठला. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १००, आणि विकायची नाही. राज्यांचे कायदे वेगळे, अलाबामा आणि मिसिसिपी तर २०१३ला तयार झाले. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा गावी जाऊन भावाला हे शिकवू नका. दुसरी गोष्ट फ्रिजची. कुणी हौसेनं पन्नास सालचा, बाहेरून खिट्टी लागणारा सुंदर फ्रिज आणायचा विचार करत असेल तर ती खिट्टी आधी काढा. लहान मुलं आत अडकून जात होती म्हणून इथे १९५६ साली दार आतून उघडलंच पाहिजे असा कायदा करावा लागला. तुमच्याही घरी मुलं असतील तर नळाला कुलूप लावा, दहा-पंधरा डॉलरला मिळतं.

बायको किंवा आई-बाबा म्हणतील आमच्यासाठी काय, तर दुसऱ्या भोकात सोड्याचा नळ काढा. साधं पाणी कॉर्नेलियसमध्ये, दाब ३० पीएसआय, त्यासाठी वेगळा रेग्युलेटर आणि त्याच बारीक नळीचे वीस-पंचवीस फूट. लिंबू, कोकम जे घालायचं ते ग्लासात घाला. मी कोकमाचं सरबतच पिंपात भरलं होतं. नळी कायमची गुलाबी झाली आणि गर कपलरात अडकला.

आता तुम्ही लगेच करायचं एवढंच: काही विकत घेऊ नका. फ्रिज गॅरेजमध्ये लावा, आत पाण्याची चार भांडी ठेवा आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ एका भांड्यातलं तापमान लिहून ठेवा. ३८पर्यंत उतरत नसेल तर शेजाऱ्यानं तो का दिला ते कळेल. उतरला तर दाराच्या आतल्या बाजूचा, रबर उलटं करून काढलेला फोटो आणि कॉम्प्रेसरवरच्या लेबलचा फोटो पाठवा. भोकाची जागा मी खूण करून देतो.